गुंडातात्यांचा खरा आकडा

गुंडातात्यांना वेळ विचारण्यात काही अर्थ नसतो. साडेदहा झाले असले तर ते "धा वाजत आलं आसतील" म्हणतात, आणि हे सांगताना मनगटावर घड्याळ असतं. मी गावच्या दूध केंद्राचा सेक्रेटरी. बावीस वर्षं माझं काम एकच. लिटर मोजायचे, फॅट मोजायची आणि यंत्र दाखवील तो आकडा मोठ्यानं वाचायचा. त्यामुळे या जगात माझं कुणाशी जन्मजात वैर असेल तर ते तात्यांशी. रोज सकाळी ते किटली काट्यावर ठेवतात आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटतात, आज म्हस रुसली, सात लिटर असंल. मी वाचतो, साडेनऊ. मग ते माझ्याकडं असं बघतात, जणू मी त्यांच्या घरातलं भांडण लाउडस्पीकरवर लावलं.

औंधच्या खालच्या अंगाला आमचं गाव. आमच्याकडं खरा आकडा तसा कुणीच सांगत नाही. एकरी ऊस किती पडला विचारलं तर "पडला आपला जेमतेम." पोरगी पहिल्या वर्गात पास झाली तर "निघाली कशीबशी." आकडा सांगितला की दृष्ट लागते, आणि दृष्ट नाही लागली तर कुणीतरी उसनं मागायला येतं. पण बाकीचे गरजेपुरतं खोटं बोलतात. तात्यांनी त्याची पद्धत बसवली आहे. चांगल्या गोष्टीतून चवथाई कापायची, वाईट गोष्टीत चवथाई घालायची. साठ टनांचा ऊस पंचेचाळीस होतो आणि चार दिवसांचा ताप पाच दिवस चढतो. फौजेत ते सतरा वर्षं ड्रायव्हर होते. तिथं म्हणे रोज गाडीचं तेल आणि किलोमीटर खरे लिहून द्यावे लागायचे. गावात येऊन त्यांनी त्याचाच वचपा काढला, अशी माझी समजूत आहे. अर्थात सतरा वर्षं हा आकडाही त्यांनीच सांगितलेला.

त्यांची गाडी त्यांना मिळाली तीसुद्धा अशीच.

साल त्र्याऐंशी. साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी आपली फियाट विकायला काढली. जुनी, गोल पाठीची, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात ती. आटपाडीचे लालासाहेब म्हणजे तात्यांचे धाकटे मेहुणे. त्यांचं त्या गाडीवर मन बसलं. पण गाडीतलं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी फौजी दाजींना सांगितलं, तुम्ही एकदा बघून या. दाजी गेले, बघून आले आणि तोंड पाडून म्हणाले, इंजिन बसलंय, लिटरला सहा देती, नाद सोडा. लालासाहेबांनी नाद सोडला. पुढच्या पाडव्याला तीच गाडी झेंडूची माळ घालून तात्यांच्या दारात उभी राहिली. ती लिटरला बारा देत होती. त्या वेळी चवथाईनं भागलं नव्हतं.

तात्यांना यात आपलं काही चुकलं असं कधीच वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, आकडा मी सांगितलाय म्हटल्यावर त्यात किती मिळवायचं हे लालासाहेबाला कळायला नको? लालासाहेबांनी मात्र मनात धरलं. चाळीस वर्षांत एक लग्न, एक बारसं, एक तेरावं गेलं नाही, जिथं त्यांनी दहाजणांत विचारलं नाही, "दाजी, माझी गाडी कशी हाय?"

पुढं पाच-सहा वर्षं आमच्या माळावर चैत्रात गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. दोन जीपगाड्या, एक अँबॅसिडर, तात्यांची फियाट, आणि कधी कुणी ट्रॅक्टरही घेऊन यायचा. सरळ पळायचं, निशाण गाठायचं, संपलं. तात्यांनी किती जिंकल्या हे नक्की कुणालाच सांगता येत नाही. ते दोन म्हणतात आणि त्यांच्या बायको, आमच्या बनुकाकी, तीन म्हणतात. एका वर्षी एक जीप निशाण ओलांडून थेट पाटलांच्या ज्वारीत गेली आणि तो खेळ बंद झाला. तेव्हापासून फियाट बाजाराला, दवाखान्याला आणि यमाईच्या दर्शनाला जाते. दर शनिवारी तात्या तिला स्वतः धुतात. चाळीस वर्षांत तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. पोरानं पुण्याहून नवी गाडी घेऊन देतो म्हटलं, तेव्हा तात्या आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. दहा दिवस, असं ते सांगतात.

गेल्या दिवाळीनंतर लालासाहेबांची नात शिवांजली हिचा साखरपुडा झाला. आम्ही सगळे आटपाडीला गेलो होतो. जेवणं झाली, पानं आली आणि लालासाहेबांनी खिशातून एक कागद काढला. पुण्याचा कुठलासा जुन्या गाड्यांचा क्लब लोणंदजवळ शर्यत भरवत होता. गाडी पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे आणि अंतर सरळ चारशे मीटर. लालासाहेबांकडं त्यांच्या चुलत्याची जुनी पेट्रोलची जीप आहे. ती त्यांनी वर्षभर खपून चालू केली होती आणि हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"दाजी," ते भरल्या मांडवात म्हणाले, "तुमी हरला तर फियाट माझ्या दारात. जिंकला तर मरंपातुर मी तिचं नाव काढणार न्हाई."

सासुरवाडीच्या शंभर माणसांत माघार घेणारा जावई अजून जन्माला यायचा आहे. तात्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि बरं म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी विट्यापर्यंत गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. बनुकाकी पुढच्या सीटवर शेजारी बसल्या होत्या. त्या भरल्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि नवऱ्याला भीत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की, गाडी गेली तर मी दवाखान्याला काय लालाच्या जीपनं जाऊ?

त्या दिवसापासून तात्यांची झोप उडाली. औंधचा रसूल मिस्त्री बोलावला. त्यानं कार्बोरेटर उघडला, प्लग बदलले, पॉइंट घासले आणि गाडीचं पोट असं स्वच्छ केलं की तात्या त्याला अंडी द्यायला लागले. सगळं रीतसर चाललं होतं. मग एका सकाळी त्यांनी शर्यतीच्या नियमांचा कागद दूध केंद्रावर आणला आणि मला वाचायला लावला.

नियम मोठा मजेशीर होता. जुन्या गाड्या सगळ्या वेगवेगळ्या, कुणी तगडी, कुणी थकलेली, तेव्हा कोण आधी पोचतं एवढ्यावर भागायचं नाही. प्रत्येकानं आधीच सांगायचं की माझी गाडी चारशे मीटर इतक्या सेकंदांत जाईल. तो आकडा गाडीच्या काचेवर, सगळ्यांना दिसेल असा, पांढऱ्या रंगानं लिहायचा. ज्याची गाडी हळू त्याला तेवढे सेकंद आधी सोडणार. मग जो रेषा आधी ओलांडेल तो जिंकला. पण सांगितलेल्या वेळेच्या आत पोचला तर तो बाद, कारण त्यानं आकडा खोटा सांगितला.

मी वाचायचा थांबलो आणि तात्यांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काचंवर?" त्यांनी विचारलं. "समद्यांफुडं?"

मी म्हटलं, समद्यांफुडं. मला इतका आनंद झाला की त्या सकाळी मी दोन जणांची फॅट दोनदा मोजली.

तरी सराव तर करायला हवा होता. आमच्या कालव्याच्या कडेचा रस्ता सरळ आहे आणि त्यावर सकाळी गुरांशिवाय कुणी नसतं. रसूलनं दोन बाभळींमध्ये चारशे मीटर मोजून दिले. तात्यांना गाडी हाकता हाकता वेळ बघता येईना, म्हणून बनुकाकी शेजारी बसल्या. त्यांनी नातवाकडून मोबाईलमधलं घड्याळ शिकून घेतलं होतं. आठ दिवस रोज सकाळी फियाट धूळ उडवत पळायची आणि काकी बाभळ आली की बटण दाबायच्या. आकडा काय आला हे मी रोज विचारायचो. तात्या म्हणायचे, एकतीस. काकी खाली मान घालून किटली विसळायच्या.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आम्ही चौघं फियाटमध्येच लोणंदला गेलो. पुढं तात्या आणि काकी, मागं मी, रसूल आणि त्याची हत्यारांची पेटी, आणि माझ्या मांडीवर भाकऱ्यांचं फडकं. लोणंदच्या पुढं नव्या कारखान्यांसाठी एक सरळ रस्ता आखलाय. कारखाने यायचेत, रस्ता आधी आलाय. तिथं मंडप, चहा, दोन्ही बाजूंना माणसं, एका टोकाला दिव्यांचा खांब आणि दुसऱ्या टोकाला वेळ दाखवणारा भलामोठा फलक. क्लबची क्रांती नावाची एक मुलगी सगळा कारभार बघत होती. हातात वही, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की गाड्याही गप्प व्हाव्यात. लालासाहेबांची जीप आधीच आली होती. तिच्या काचेवर ठळक लिहिलं होतं, २६.२०.

आधी प्रत्येकाला एक फेरी सरावाची होती. तात्यांनी काचेवर ३१ लिहिलं आणि एकटेच निघाले. ती फेरी बघून मला त्यांची दया आली. सरावातसुद्धा खरा वेग लोकांना दाखवायचा नाही म्हणून हा माणूस फियाट अशी हाकत होता, जशी आत अंड्यांची पाटी आहे. पण गाडी रसूलच्या हातून गेलेली, ती कुठली थांबते. फलकावर २८.४७ आले.

क्रांती पळत आली. म्हणाली, आजोबा, ही खरी फेरी असती तर तुम्ही बाद झाला असता, सांगितल्यापेक्षा लवकर आलात. तात्या शांतपणे म्हणाले, जास्त सांगितलं आन् कमीत आलो, ह्यात माझं काय चुकलं? क्रांतीनं वहीतला नियम त्यांच्यापुढं धरला. खरं तर आमच्या गावच्या हिशेबानं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तिकडं लालासाहेबांची जीप २६.२४ मध्ये येऊन उभी राहिली होती आणि ते ऐकून मिशीत हसत होते.

मग खऱ्या फेरीची वेळ आली. दोघांनी आपखुशीनं जोडी लावून घेतली होती. क्रांती वही उघडून फियाटपुढं उभी राहिली. आता लिहाल तो आकडा शेवटचा, वहीत गेला की बदलायचा नाही, असं तिनं बजावलं. तात्यांनी ३१ पुसलं. रंगाची कांडी हातात घेतली. भोवती चाळीसएक माणसं जमली होती. तात्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं आता खरा आकडा लिहितील. त्यांनी लिहिलं, २९.

बनुकाकींनी पदर खोचला, पुढं झाल्या आणि पदराच्याच टोकानं तो आकडा पुसून काढला.

"आवं, पंचेचाळीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या, "तुमचा आकडा ऐकती आन् मनातल्या मनात चवथाई घालती. आज तेवढा येळ न्हाई."

त्यांनी कांडी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, २४.८०.

तात्या दबक्या आवाजात म्हणाले, लोकं बगत्याती. काकी म्हणाल्या, बगू द्या. मग डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्यांनी फियाटच्या बंपरला तीट लावली, म्हणजे दृष्टीचीही सोय झाली. क्रांतीनं आकडा वहीत उतरवला. तात्या काचेकडं पाठ करून उभे राहिले. पाठमोरे असूनही ते लाजलेले कळत होते. मी बावीस वर्षं रोज त्यांना काट्यावर बघतोय. उघडं पडणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या मनातली खुशी थोडी कमी झाली.

तेवढ्यात रसूल माझ्या कानाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

तो म्हणाला, सेक्रेटरी, घोळ झाला. कालव्यावर २४.८० आलं तेव्हा काकी गाडीत होत्या. इथं शेजारी कुणाला बसू देत नाहीत. काकींचं वजन नाही म्हणजे गाडी अर्धा-पाऊण सेकंद आधीच पोचणार. म्हणजे बाद. म्हणजे गाडी आटपाडीला.

आम्ही क्रांतीला गाठलं. आकडा बदलता येणार नाही यावर ती ठाम होती. पण गाडीत वजन ठेवायला हरकत नव्हती. नीट बांधलेलं पाहिजे आणि किती ठेवलं ते वहीत लिहायचं. तिनं एक गोष्ट दोनदा सांगितली. लिहिलेलं वजन आणि ठेवलेलं वजन वेगळं निघालं आणि समोरच्यानं तक्रार केली, तर फेरी रद्द आणि समोरचा विजयी. मंडपात वीस-वीस लिटरचे पाण्याचे जार होतेच. तेवढंच वजन आत ठेवलं की प्रश्न मिटला.

"किती किलो?" क्रांतीनं पेन उघडून विचारलं.

सगळे बनुकाकींकडं बघायला लागले. चाळीस माणसं, रसूल, मी आणि जीपला टेकून उभे असलेले लालासाहेब. आत्ता नवऱ्याची उभी हयात लोकांपुढं मांडणाऱ्या बनुकाकींनी एकदा आकाशाकडं पाहिलं, एकदा चपलेकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पंचावन्न."

कुणी हसलं नाही. हसायची कुणाची छाती नव्हती. माझ्या धंद्यामुळं मला नजरेनं वजन कळतं. पंचावन्न किलोच्या काकी मी पाहिल्या असतील तर त्यांच्या लग्नाच्या फोटोत. मी तात्यांकडं पाहिलं. आता हा माणूस काय करतो? खरं सांगावं तर बायकोची भर माळावर शोभा. पंचावन्न धरावं तर गाडी गेली. त्यांनी एकदा फियाटकडं बघितलं, एकदा काकींकडं.

"पंचावन्न लिवा," ते क्रांतीला म्हणाले.

मग मला खूण करून ते मंडपामागं गेले. तिथं गेल्यावर म्हणाले, सेक्रेटरी, चार जार उचला, आन् सतरंजी घ्या. मी म्हटलं, तात्या, चार म्हणजे ऐंशीच्या वर जातंय. काकी पंचावन्न म्हणाल्या, वहीत पंचावन्न आहे, लालासाहेबांनी तक्रार केली तर शर्यत जिंकूनही गाडी जाईल. तुम्हाला आकडा तरी नक्की माहीत आहे का?

तात्या थोडा वेळ जार पुसत राहिले.

"गेल्या श्रावणात ती हौदापाशी पडली," ते म्हणाले. "घरात कोन न्हवतं. मीच उचलून गाडीत घातली आन् औंधला नेली. सरकीचं एक पोतं, आन् वर अर्ध्याहून जास्त. हाताला म्हाईत हाय."

सरकीचं पोतं म्हणजे पन्नास किलो, मी मनात हिशेब केला. त्यांनी एका जारचं बूच काढलं, दोन तांबे पाणी ओतून दिलं आणि पुन्हा बसवलं. मी बावीस वर्षं काट्यावर माप घेतोय, पण इतक्या जपून माप घेताना मी कुणाला पाहिलेलं नाही. चारी जार मीच वाहिले, माझी कंबर साक्ष आहे. तात्यांनी ते पुढच्या सीटवर आणि सीटच्या पायाशी फौजेतली गाठ मारून आवळले आणि वर सतरंजी टाकली. काकींनी संशयानं विचारलं, एवढं का? तात्या म्हणाले, दोन भरल्यात, तिसऱ्यात पाऊण, चवथा रिकामा, हलू नये म्हनून लावलाय. क्रांतीनं दोरी ओढून पाहिली, गाठ पक्की होती. तिनं वही मिटली.

दोन्ही गाड्या रेषेवर आल्या. दिवे लागले. आधी जीप सुटली, कारण तिचा वेळ जास्त. ती सुटल्यावर फियाट नुसतीच उभी, आणि मधला तो दीड सेकंद मला एका सुगीएवढा वाटला. मग तात्यांचा दिवा हिरवा झाला. फियाटनं मागच्या बाजूनं अंग चोरलं आणि ती निघाली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तात्या असा टाकत होते, जणू पंचवीस वर्षांचं कुणीतरी आत बसलंय. अर्ध्या वाटेवर जीप पुढं होती. तीन चतुर्थांशावर जीपच पुढं. काकींनी माझा दंड धरला होता, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता. शेवटच्या खांबापाशी फियाटचं नाक जीपच्या चाकाशी आलं, मग दिव्याशी आलं, आणि रेषा गेली.

फलकावर आधी लालासाहेबांचे २६.३४ आले. मग तात्यांचे आले, २४.८३.

सांगितल्यापेक्षा लवकर नाही, आणि जीपच्या आधी. रसूल खाली बसला. मला दूध केंद्रात कुठलंही यंत्र एवढं बरोबर आल्याचं आठवत नाही. तात्या गाडी घेऊन परत आले, उतरले आणि छतावर हात ठेवून नुसते उभे राहिले. त्यांना रडू येत होतं, ते लपवायला त्यांनी नाक शिंकरलं. काकी म्हणाल्या, या, आता दोन घास खावा.

आम्ही भाकऱ्या सोडत होतो, तेव्हा लालासाहेब फियाटपाशी आले. हरलेल्या माणसाची चाल होती. चाळीस वर्षं जिच्यासाठी झुरले त्या गाडीवरून त्यांनी एकदा हात फिरवला. काचेतून आत डोकावले. मग कुणास ठाऊक काय मनात आलं, त्यांनी हात घालून सतरंजी उचलली.

चारी जार गळ्यापर्यंत भरलेले होते. एका जारला दोन तांबे कमी होते, एवढंच. चार जारचं वजन काढायला शाळेत जावं लागत नाही, आणि लालासाहेब तर डाळिंबाचे व्यापारी. त्यांनी मनात मांडणी केली, हे मला त्यांच्या ओठांवरून दिसलं.

"ताई, जरा इकडं या," त्यांनी क्रांतीला हाक मारली.

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. क्रांती वही घेऊन आली. तिच्यामागं माणसं आली. तिनं विचारलं, तुमची काही तक्रार आहे का? एका शब्दाचं काम होतं. जार मोजा म्हटलं असतं की फियाट संध्याकाळी आटपाडीला गेली असती. तात्या गाडीच्या टायरकडं बघत उभे होते. गाडी गेली तरी काकींचा खरा आकडा ते सांगणार नाहीत, हे मला कळलं. बनुकाकी चटणीचा डबा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते भरलेले जार पाहिले, मग नवऱ्याकडं पाहिलं, आणि मग भावाकडं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. एवढ्या मोठ्या बाईला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

लालासाहेबांनी बहिणीकडं बघितलं. मग त्यांनी सतरंजी पुन्हा जारवर घातली आणि चारी कोपरे नीट खोचले.

"तक्रार कसली?" ते म्हणाले. "वजन बरोबर हाय. पंचावन्न. आमच्या आक्काचं लग्नापासनं तेवढंच हाय."

क्रांतीनं सतरंजीखालच्या चार गोल उंचवट्यांकडं पाहिलं. मग पेन उघडलं आणि वहीत सही केली. मी काट्याचा माणूस, तिथंच उभा होतो. मला कुणी विचारलं असतं तर मीही पंचावन्नच सांगितलं असतं.

गर्दी पांगल्यावर काकी भावाजवळ गेल्या.

"गाडी गेली की रं तुजी, लाला."

"जाऊ दे, आक्का. दारात ठेवायला जागा कुठं हाय?"

लालासाहेबांच्या दारात दोन ट्रॅक्टर आणि डाळिंबाचा टेम्पो उभा करूनही उरलेल्या जागेत पोरं क्रिकेट खेळतात. हे मला माहीत आहे, तात्यांना माहीत आहे, आणि काकींचं तर ते माहेर आहे. काकींनी भाकरीवर चटणी घालून ती भावाच्या हातात दिली. तात्यांनी एक जार सोडवला, कलता केला आणि आधी मेहुण्याला पाणी दिलं.